सामाईक भिंत

“आणि या दोन घरांच्या मधे काय आहे?”

पद्माबाईंचं बोट नकाशावर थांबलं होतं.

“मोकळी जागा,” मधुसूदन म्हणाला.

“कोणाची?”

“कोणाचीच नाही, बाई. उजेड यावा, वारं खेळावं म्हणून सोडलेली. प्रत्येक घर सुटं आहे. एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू जाणार नाही.”

खोकल्याचं हे वाक्य तो जिथे जाई तिथे म्हणायचा. लोक माना डोलवायचे.

बाईंनी बोट उचललं.

“ऐकू जाणार नाही…” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मधुसूदन काळमेघ मूळचा याच बोरखडीचा. शिकून पुण्याला गेला, नगररचनेत नाव काढलं. किती गावांचे विस्तार त्यानं आखले, ते त्यालाही आठवत नसेल. नाल्याला पूर आला आणि खालच्या आळीतली घरं माणसाच्या छातीपर्यंत पाण्यात उभी राहिली, तेव्हा गावानं माळावर सरकायचं ठरवलं. आपल्याच मातीतला माणूस म्हणून पंचायतीनं त्याला बोलावलं. त्यानंही जीव ओतून काम केलं. माळावर नवी घरं, त्यांच्या मधोमध शाळा आणि दवाखाना, एका अंगाला समाजमंदिर, पोरांना खेळायला मैदान, म्हाताऱ्यांना बसायला सावलीचं दालन. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा माळावर उन्हात चमकत होत्या.

अडलं होतं ते एका गोष्टीवर.

बोरखडीत आळी सांगितली की जात सांगायची गरज पडत नसे. मधुसूदनला हे लहानपणापासून खुपायचं. नव्या गावात आळ्या नकोत, घरं चिठ्ठ्या टाकून द्यायची, शेजार नशिबानं मिळेल तो, असं त्यानं मांडलं. वरच्या आळीला खालचा शेजार नको होता. खालच्या आळीला आपली माणसं पांगायला नको होती. कधी नव्हे ते दोन्ही आळ्या एका बाजूला झाल्या, आणि मधुसूदन दुसऱ्या बाजूला एकटा उरला.

आजच संध्याकाळी ग्रामसभा होती.

पद्माबाई महानुभाव पंथातल्या तपस्विनी. घर नाही, संसार नाही, एका जागी फार राहणं नाही. थंडीचे काही दिवस त्या गावाबाहेरच्या टेकाडावरच्या लहानशा मठात असायच्या. भिक्षा दोन्ही आळ्यांतून घ्यायच्या, म्हणून त्यांचा शब्द दोन्ही आळ्यांत चालायचा. मधुसूदनची आई त्याला लहानपणी इथं दंडवताला घेऊन यायची. आज तो त्यांचा शब्द मागायला आला होता.

चिठ्ठीची पद्धत बरोबर आहे एवढंच सभेत सांगा, असं त्यानं विनवलं. बाईंनी ऐकून घेतलं. चिठ्ठी चुकीची आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. बरोबर आहे असंही म्हणाल्या नाहीत.

“माझे गुडघे धरलेत आज,” त्या म्हणाल्या. “भिक्षा तू आण.”

मधुसूदनला वाटलं, बाई थट्टा करतात. पण बाईंनी खुंटीवरची झोळी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

“मी?”

“दारात उभं राहायचं. हाक द्यायची नाही. मागायचं नाही. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुढचं दार. नाव सांगायचं नाही, आणि तिथं खायचं नाही.”

“बाई, मला सगळं गाव ओळखतं.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

तो टेकाड उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इस्त्रीच्या शर्टावर ती झोळी त्याला जड वाटत होती. कोणी हसलं तर काय बोलायचं याचा तो मनाशी विचार करत होता. पण नियमाप्रमाणे तर बोलायचंच नव्हतं.

कोणी हसलं नाही. पहिल्या दारात तो उभा राहिला तशी घरातून लगबगीनं खुर्ची आली, चहाचं आधण चढलं. तो बसला नाही, बोलला नाही, तसा घरमालक घाबरला. आमच्या घराचं काही चुकलं का सायेब, असं विचारू लागला. दुसऱ्या दारातल्या सुनेनं, कारभारी वावरात गेलेत, मोजणी उद्या करा, असं सांगून दार लोटून घेतलं. तिसऱ्या घरच्या माणसानं त्याला हाताला धरून भिंतीची चीर दाखवली. खालच्या आळीत तर लोक आपापल्या दारात येऊन उभे राहिले आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते पुन्हा सांगू लागले.

झोळी कोणालाच दिसली नाही. त्यांना साहेब दिसत होता.

दारामागून दार मागं पडत गेलं. झोळी रिकामीच. मधुसूदनला आधी गंमत वाटत होती, मग राग आला, आणि मग दोन्ही ओसरून काहीतरी वेगळंच उरलं. आपण या प्रत्येक घरासाठी जागा आखली, दारं-खिडक्यांच्या दिशा ठरवल्या. आणि आपल्याला भाकरी हवी आहे हे यातल्या एकालाही कळू नये…

चालता चालता तो आपल्या आळीत आला.

त्याचं घर आळीच्या टोकाला होतं. आई गेल्यावर त्यानं दाराला कुलूप लावलं, ते पुन्हा काढलं नव्हतं. कामासाठी गावात आला तरी मुक्कामाला तो तालुक्याच्या विश्रामगृहावर जायचा. आताही त्यानं त्या दाराकडं पाहिलं नाही. त्याला लागून असलेल्या दारात जाऊन उभा राहिला.

ते सारजाबाईचं घर. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत.

सारजाबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. डोळ्यांवर पडदा आलेला. उन्हात पडलेली सावली पाहून तिनं मान वर केली.

“भिक्षा व्हय?”

तो उभा राहिला. तिला झोळी दिसली होती.

“थांब बापू,” ती म्हणाली. “आज चूल नाही पेटवली म्या. कालही नाही. एकटीसाठी काय पेटवाव… पन पीठ हाय. मी टाकतो भाकर. थांब जरासा.”

नको म्हणावं तर बोलायचं नव्हतं. निघून जावं तर ती उठलीही होती. चाचपडत तिनं काटक्या गोळा केल्या, फुंकणीनं फुंकत बसली. धूर झाला, मग जाळ झाला. परातीत पीठ मळल्याचा आवाज येऊ लागला. दिवसभर न बोललेलं माणूस बोलायला लागतं तशी ती बोलू लागली.

बोलली ती शेजारणीविषयी. बाजूला कौसल्या राहायची. तिचा पोरगा मोठा माणूस, लोकांची गावं बांधतो. कौसल्याही एकटी आणि हीही एकटी. रोज सकाळी उठलं की कौसल्या भिंतीवर लाटण्यानं ठोकायची. ही इकडून ठोकायची.

“‘हाय मी’, एवढंच,” सारजाबाई म्हणाली. “दुसरं काय सांगाचं असते? एक दिवस म्या ठोकलं, तं तिकून आवाज नाही आला. मी गेली पाहाले…”

भाकरी थापायचा आवाज थांबला.

“आताही ठोकतो मी सकायी,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “सवय.”

मधुसूदन उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याच्या डाव्या हाताला ती भिंत होती. त्या भिंतीपलीकडं त्याचं घर होतं, आणि त्या घरात कोणी नव्हतं, कारण त्यानंच तिथं कोणी ठेवलं नव्हतं. नाव सांगायचं नव्हतं. त्यानं झोळी पुढं केली.

तिनं दोन भाकऱ्या आणि वर तिखटाचा गोळा झोळीत घातला. तो वळला.

मठात येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं. सारजाबाईचं आणि चालता चालता सुचलेलं त्यानं बाईंना एका दमात सांगून टाकलं. चिठ्ठी राहीलच, पण ज्यांना हवं त्यांनी जोडीनं चिठ्ठी टाकावी. दोन घरं, मधे एक सामाईक भिंत. मोकळी जागा भोवती राहील. जोडी कोणी कोणाशी करायची ते ज्याचं त्यानं ठरवावं, आळीचा प्रश्न नाही. खालच्या आळीची अडचण मिटेल, म्हाताऱ्या माणसांची मिटेल. नकाशा एका दिवसात बदलता येईल.

बाई झोळीतल्या भाकऱ्यांकडं पाहत होत्या.

“तव्यावर किती टाकल्या तिनं?”

“दोन.”

“दिल्या किती?”

“…दोन्ही.”

बाईंनी दोन्ही भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

“गरम आहेत अजून,” त्या म्हणाल्या. “जा.”

“आणि तुमची भिक्षा?”

“माझी झाली.”

तो पुन्हा टेकाड उतरला. या वेळी सारजाबाईच्या दारात थांबला नाही, वाकून आत गेला. चुलीपुढं बसला आणि फडकं सोडलं. मग त्यानं आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं.

सारजाबाईनं भाकरी मोडली.

“ओळखलं होतं म्या,” ती म्हणाली. “दारात उभं राहाची ढब तुया बापाची हाय. डोये गेले, सावली तं दिसते.”

“मग बोलली कशी नाही, मावशी?”

“भिक्षेले आलेल्याले नाव नाही पुसत.”

मग दोघं जेवली. आई शेवटच्या दिवसांत काय बोलायची, ते त्यानं विचारलं. तुझ्याबद्दल फार बोलायची नाही, असं सारजाबाईनं सांगितलं. राग होता का? राग नव्हता. बोललं की बोलणं संपत नाही, म्हणून बोलायची नाही. एवढं सांगून ती तवा घासायला बसली.

संध्याकाळी ग्रामसभा झाली. पद्माबाई आल्या नाहीत.

मधुसूदननं खोकल्याचं वाक्य म्हटलं नाही. जोडचिठ्ठीचं मांडलं. आरडाओरडा झाला, वरच्या आळीतले काहीजण उठून गेले, पण सगळे गेले नाहीत. खालची आळी आपसात कुजबुजत बसली. कोणाची जोडी कोणाशी यावरच तिथं वाद जुंपला, आणि मधुसूदनच्या ध्यानात आलं, की हा वाद म्हणजे होकारच आहे. विस्तार मंजूर झाला. एकमतानं नाही, पण झाला.

लोक पांगू लागले तसा तो सारजाबाईजवळ गेला. नव्या घरासाठी तिची जोडी कोणाशी लावायची, असं विचारलं. खालच्या आळीतल्या एका विधवेनं तिचं नाव घेतलं होतं, तेही सांगितलं.

“मी नाही येत माळावर,” सारजाबाई म्हणाली.

त्यानं समजावलं. सगळं गाव वर जाईल. दुकान जाईल, दवाखाना वर असेल, आळीत माणूस उरणार नाही.

“तं काय झालं,” ती म्हणाली. “मायी भिंत इथं हाय.”

तिच्या मागून तो आळीत आला. तालुक्याला गेला नाही. कुलपात तेल सोडून बऱ्याच खटपटीनं ते उघडलं. आत ओल आणि उंदरांचा वास होता. आईच्या बाजेवर तो आडवा झाला.

झुंजुमुंजू झालं तेव्हा भिंतीतून आवाज आला. हलका, दबका.

तो उठून बसला. स्वयंपाकघरात गेला, लाटणं शोधलं. सापडलं नाही. मग बोटांच्या पेरांनीच त्यानं भिंतीवर ठोकलं.

पलीकडं शांत झालं. इतका वेळ शांत राहिलं, की आपण चूक केली असं त्याला वाटलं. त्या आवाजाची वाट पाहायची जिची सवयच मोडली होती, तिला आपण हे काय ऐकवलं…

मग पलीकडून पुन्हा ठोकल्याचा आवाज आला. एकदाच. पण जोरात.

ऊन वर यायच्या आत तो टेकाड चढून मठात गेला. पद्माबाई निघायच्या तयारीत होत्या. गाठोडं बांधून पायरीवर ठेवलेलं होतं. काल धरलेल्या गुडघ्यांनी त्या अंगण झाडत होत्या.

त्यानं दंडवत घातला आणि झालेलं सगळं सांगितलं. विस्तार मंजूर झाला, जोडचिठ्ठी मान्य झाली, लोक जोड्या ठरवू लागले. बाई झाडत होत्या. भिंतीचंही त्यानं सांगितलं. तेव्हा बाईंचा हात थांबला.

“एक सुटलं नाही, बाई,” तो म्हणाला. “सारजाबाई येत नाही. गाव वर जाईल तेव्हा ती खाली एकटी राहील. आणि हे मीच केलं. मी आज पुण्याला निघणार. उद्या सकाळी ती ठोकेल…”

त्यानं खाली आळीकडं पाहिलं.

“मी तिला ओढून न्यावं का? की गावच खाली ठेवावं? तिकडं पुराचं पाणी आहे. मी स्वतः इथं येऊन राहिलो, तरी अशा किती गावांत राहू? सगळ्यांची सोय मी लावली. एका माणसाची लागत नाही. कुठं चुकलं, एवढं सांगा.”

बाईंनी झाडू कोपऱ्यात उभा केला. हात धुतले. गाठोडं उचलून काखेला लावलं.

मधुसूदन लगेच पुढं झाला. गाठोडं मी घेतो, सडकेपर्यंत सोडायला येतो, म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि मठाच्या ओसरीकडं बोट दाखवलं. झाडलेली, मोकळी ओसरी. आत एक खोली, तीही रिकामी.

“तू इथं बस.”

त्याला कळेना. तो ओसरीच्या कडेला टेकला. बाई पायऱ्या उतरल्या, पायवाटेला लागल्या. टेकाडावर वारा सुटला होता. खाली माळावर फक्कीच्या रेषा होत्या, आणि त्यांच्यात अजून एकही माणूस नव्हता.

“बाई,” त्यानं बसल्या जागेवरून हाक मारली, “इथं तर कोणीच नाही.”

बाई थांबल्या. वळल्या नाहीत.

“हो,” त्या म्हणाल्या. “सारजाबाई बसते तसा बस. कोणी येईपर्यंत.”